विश्रामचे रांजण

मेलेल्या माणसावर घालावी तशी रंगनाथनं रांजणांवर चादर घातली. तीही माझ्या रुखवतातली, चारी कोपऱ्यांना मोर काढलेली. पाहुणी कोणत्याही घडीला दारात येईल अशी वेळ, आणि माझा धाकटा लेक शेडमध्ये गुडघ्यांवर बसून चादरीची टोकं रांजणांच्या गळ्याभोवती खोचत होता. चादरीनं वास झाकता येतो असं ज्याला वाटतं, त्याला मी नऊ महिने पोटात वागवलं, याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

"काढ ती," मी म्हटलं.

"आई, पुण्याची बाई आहे. आल्या आल्या नाकाला पदर लावील."

"पदराचं नेसत असली तर लावील. काढ आधी."

त्यानं मान हलवली आणि चादर तशीच ठेवली. रंगनाथची ही जुनी खोड. भांडायचं नाही, उलटून बोलायचं नाही, मान हलवायची आणि आपल्याला हवं ते करायचं. त्यातून कुणी मोठं माणूस घरी यायचं असलं की त्याच्या अंगातच यायचं. एकदा निर्यातीच्या कंपनीचा साहेब बाग बघायला येणार म्हणून यानं म्हशी ओढ्यापलीकडं नेऊन बांधल्या होत्या. साहेब पाच मिनिटं थांबला, म्हशींनी मात्र आठवडाभर दूध चोरलं. आपलं घर जसं आहे तसं कुणाला दिसू नये, असं या पोराला का वाटायचं कोण जाणे. मी तर कधी कुणापुढं खाली बघितलं नाही.

पण त्या दिवशी मलाही आत कुठंतरी वाटत होतं, की त्या बाईनं शेडमध्ये पाऊलच टाकू नये.

ते चार रांजण माझ्या थोरल्याचे, विश्रामचे. त्यानं कुंभाराला मुद्दाम सांगून भाजून घेतले आणि स्वतः खड्डे खणून गळ्यापर्यंत जमिनीत पुरले. विश्राम बरीच वर्षं एका मोठ्या वाइनच्या कारखान्यात नोकरीला होता. सुट्टीला आला की ओसरीत बसून मला सांगायचा, तिथं घराएवढाल्या टाक्या आहेत, पण द्राक्षाला कुणी विचारत नाही. विरजण पुडीतलं, आंबटपणा पुडीतला, रंगही पुडीतला, आणि शेवटी वर आणखी एक पूड, म्हणजे वाइन बाटलीत गपचिप बसावी. आणि इकडं काही लहान लहान शेतकरी आहेत, तो म्हणायचा, इथलेही आहेत आणि परमुलखातलेही. ते आपल्याच बागेचा माल आपणच तुडवतात आणि त्यात बाहेरचं काही म्हणजे काही घालत नाहीत.

"मग त्याला विरजण कोण लावतं?" मी विचारलं होतं.

"मण्यावर पांढरी लव असते ना, आई, तिच्यातच असतं. देवानं लावलेलं."

"देवच सगळं करतो तर तुझी काय गरज?"

"राखायला," तो म्हणाला.

मग त्यानं नोकरी सोडली. ओढ्याकडच्या उतारावर, जिथं मी आजवर हरभऱ्याशिवाय काही लावलं नव्हतं, तिथं बारीक काळ्या मण्यांच्या वाइनच्या वेली लावल्या. सगळ्या शिवारात खायची द्राक्षं, मोठी, हिरवीगार, काचेसारखी. मधे याचा हा बुटका काळा माल. लोक हसायचे. यानं परवाना काढला, शेड बांधली, रांजण पुरले, आणि प्रमिलाला, म्हणजे आपल्या बायकोला, बजावून ठेवलं, की फळ धरलं की या वेलींवर एक फवारासुद्धा मारायचा नाही. औषध नाही, गंधक नाही, काही नाही. तिच्याकडून तशी शपथच घेतली.

पहिला खरा माल यायचा त्या वर्षी, भादव्यात, विश्राम विहिरीवर मोटर चालू करायला गेला आणि विजेनं त्याला ओढलं. एवढंच लिहिते. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तेरावा झाला आणि रंगनाथनं विषय काढला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कारखान्यांनी वाइनचा माल उचलायचं थांबवलं होतं, आणि वाइनची द्राक्षं बाजारात कुणी खायला घेत नाही. वेली मशीन लावून काढाव्यात आणि तिथं खायची द्राक्षं लावावीत, असं तो म्हणाला. प्रमिला भिंतीला टेकून बसली होती. तिला मूल नव्हतं. तिचा भाऊ येवल्याहून आला होता आणि दारात जीप उभी होती. तिनं वर न बघता सांगितलं, वेली राहिल्या तर मी राहते, वेली गेल्या की मीही जाते, दोन वेळच्या भाकरीला माहेर आहे.

मी तिला राहा म्हटलं नाही. मी कुणालाच राहा म्हणत नाही. हाताला धरून ठेवण्यासारखा एकच होता, तो विहिरीवर गेला.

पण मी भाऊबंदांसमोर शब्द दिला. या सालचा माल प्रमिलानं विश्रामच्या रीतीनं रांजणात घालावा. पुण्याच्या श्रोत्रीबाई अशा लहान शेतकऱ्यांची वाइन घेऊन विकतात, विश्रामशी त्यांचं बोलणं झालेलं होतं, गुढीपाडव्यानंतर त्या चव घ्यायला येणार होत्या. त्यांनी माल घेतला तर वेली राहतील. नाही घेतला तर रंगनाथनं मशीन बोलवावी, माझी आडकाठी नाही. आजवर माझा शब्द कधी मोडला नव्हता. माझ्या शब्दावर गावात सोयरिकी झाल्यात.

छाटणी प्रमिलानं केली. दिवसभर ती त्या उतारावर असायची. दुपारची भाकरी मी बांधावर नेऊन ठेवायची आणि हाक न मारता परत यायची. आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला विश्राम लागायचा. तो नव्हता, म्हणून आम्ही बोलत नव्हतो.

पौषात तिचा भाऊ तिला चार दिवस माहेरी घेऊन गेला. त्याच सुमाराला पौर्णिमेला रंगनाथ चंदनपुरीच्या यात्रेला, खंडोबाच्या दर्शनाला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर गेले, तर विश्रामच्या वेली पिवळ्या दिसल्या. पानांवर, काड्यांवर, खाली मातीवर, सगळीकडं पिवळं. मी लांबूनच बघितलं आणि माझे डोळे भरून आले. यात्रेहून आणलेला भंडारा रंगनाथनं भावाच्या वेलींवर उधळला होता. वेली काढायला निघालेल्या पोरानं देवाची हळद त्यांच्यावर टाकली होती. मी कुणाला काही बोलले नाही, आणि प्रमिला माहेराहून परतली तोवर वाऱ्यानं ते वरचं पिवळं उडून गेलं होतं. त्या दिवशी त्याच्या ताटात तूप जास्त वाढलं आणि त्याच्यावरचा माझा राग जवळजवळ गेला.

माघात माल उतरला. प्रमिलानं तो पायांनी तुडवला. सोवळं म्हणून आदल्या दिवशी उपास केला, पाय शिकेकाईनं धुतले. भाऊबंद येऊन बघून गेले आणि म्हणाले, सगुणाबाईच्या घरी भट्टी लागली. मी म्हटलं, लागू द्या, तुमच्या घरी तर नळच लागलाय. ते गेले.

दोन दिवसांनी रांजण बोलायला लागले. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आत कुणीतरी हळूहळू हसतंय असं वाटायचं. प्रमिला कान लावून बसायची. मीही एकदा, ती नसताना, बसले. विश्राम म्हणायचा ते खरं होतं, आम्ही काही घातलं नव्हतं आणि ते आपोआप उकळत होतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी वास सुटला. नासक्या अंड्यांचा.

आधी मला वाटलं शेडमध्ये कोंबडीनं अंडी लपवली असतील. मी सगळे कोपरे झाडले. मग कळलं, वास रांजणांतून येतो. एकातून नाही, चारीतून. प्रमिला एका रांजणापासून दुसऱ्याकडं, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडं वाकून बघत होती आणि तिचा चेहरा त्या मातीसारखा झाला होता.

मी माझ्या घरात असला वास कधी येऊ दिला नव्हता. माझी चूल, माझा माठ, माझी लोणच्याची बरणी, पंचक्रोशीत कुणी बोट ठेवून दाखवावं. मी तिला बोलले. ती घरात आल्यापासून सात वर्षांत बोलले नव्हते तेवढं एका दमात बोलले. रांजण नीट घासले नसतील, पाय नीट धुतले नसतील, माझ्या लेकाचा घास नासवला. ती एकेक रांजण बादल्यांनी उपसायची, तळाला उतरून राखेनं घासायची, पुन्हा भरायची. तिच्या नखांत राख आणि जांभळा रंग असा बसला होता की जेवताना मला बघवत नसे. उपसताना उंचावरून धार धरायची, म्हणजे वारा लागून वास उडावा. थोडा उडायचा. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की पुन्हा तोच.

रंगनाथ शेडच्या दारात उभा राहून हे सगळं बघायचा. मदत करू का, असं त्यानं दोनदा विचारलं. ती नको म्हणाली. मग तो पाणी भरायला निघून जायचा.

असे दिवस गेले. पाडवा झाला. तिनं गुढी उभारायला नकार दिला आणि मीही आग्रह केला नाही. तिच्या भावाचा निरोप आला, रविवारी जीप घेऊन येतो. रंगनाथनं मशीनवाल्याला सोमवार सांगून ठेवला होता. ती आपल्या पेटीतल्या साड्या काढून पुन्हा घड्या घालत बसायची, आणि त्यातच विश्रामचे दोन सदरे असायचे. मला ते दाराच्या फटीतून दिसायचे. आत जाऊन काहीतरी बोलावं असं वाटायचं आणि बोलायला गेलं की तोंडात फक्त टोमणा यायचा, म्हणून मी जात नसे.

आणि मग शनिवारी श्रोत्रीबाई आल्या.

पदर नव्हता. साधी सुती पँट आणि पुरुषासारखा सदरा, डोकीचे केस पांढरे आणि आखूड. गाडी स्वतः चालवत आल्या. चप्पल बाहेर काढून शेडमध्ये शिरल्या आणि चादर बघून थांबल्या.

"इथं कुणी झोपलंय का?"

रंगनाथनं लगबगीनं चादर काढली. वास उठला. त्या बाईनं नाकाला हात लावला नाही. जमिनीवर मांडी घालून बसल्या, प्रमिलानं वाटीभर वाइन काढून दिली, ती हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचं तोंड बघत होते. देवाला कौल लावावा आणि फूल कुठून पडतं ते बघत बसावं, तशी.

त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बाजूला थुंकला. मग दुसऱ्या रांजणातली, तिसऱ्यातली, चौथ्यातली. चारी वेळा थुंकला. माझ्या दारात येऊन माझ्या लेकाची वाइन थुंकणाऱ्या बाईला मी एरवी उठवून बाहेर काढलं असतं. पण प्रमिलानं रिकामी वाटी पदरानं पुसून पुन्हा त्यांच्यापुढं धरली, म्हणून मी जागची उठले नाही.

"हिच्यात खाली चांगली वाइन आहे," त्या म्हणाल्या. "लांबून, दार बंद असलेल्या खोलीतून आवाज यावा तशी. पण ही मी नेऊ शकत नाही."

प्रमिला खाली बसली.

श्रोत्रीबाई उठल्या, गाडीकडं गेल्या आणि एक बाटली घेऊन आल्या. त्यावर कागद नव्हता, खडूची एक खूण होती. जुन्नरकडच्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं केलेली, त्यांनी सांगितलं. घरामागं थोड्याशा वेली आहेत, दोघंच माल तोडतात, दोघंच तुडवतात, विश्राम त्यांच्याकडं दोनदा जाऊन राहिला होता. मला हे माहीत नव्हतं. वाइन गढूळ होती, ओढ्याला आलेलं नवं पाणी असतं तशी.

"विश्रामला काय करायचं होतं ते तुम्हाला कळावं म्हणून आणली," त्या मला म्हणाल्या. "थोडी घ्या, आई."

मी आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता, आणि लावणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. रंगनाथ म्हणाला, आई घेणार नाही. तो तसं म्हणाला म्हणून नाही, पण मी हात पुढं केला.

आधी आंबट लागलं. कोवळ्या चिंचेच्या पाल्यासारखं. मग जिभेच्या दोन्ही कडा आवळल्या, जांभूळ खाल्ल्यावर आवळतात तशा. आणि मग काहीच नाही असं वाटलं, तेव्हा मागून हळूच काहीतरी आलं. पावसाळ्याआधी नांगरलेल्या रानातून दुपारी चालत यावं आणि पदराला जो वास लागतो, तो. माझ्या तोंडात माती आली होती आणि ती गोड होती. यासाठी माझ्या लेकानं पगाराची नोकरी सोडली होती. मी त्याला मूर्ख म्हटलं होतं, तो हसला होता, आणि हे कसं असतं ते सांगायला त्याला शब्द सापडले नव्हते. मलाही सापडत नव्हते. मी वाटी प्रमिलाकडं दिली.

तिनं घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला.

"आपलं असं व्हायचं होतं का?" तिनं विचारलं.

"अगदी असं नाही. ही त्यांच्या रानाची आहे. तुमची तुमच्या रानासारखी झाली असती."

मग श्रोत्रीबाईंनी वाटी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "गंधक कुणी मारलं?"

प्रमिलानं मान वर केली. "कुणीच नाही."

"मण्यांवर गंधक राहिलं आणि माल तसाच उकळला, की हाच वास येतो. दुसऱ्या कशानंही येतो, पण चारी रांजणांत सारखाच आणि एवढा, हे गंधकाशिवाय होत नाही. फळ उतरायच्या आधी महिनाभरात कुणीतरी धुरळलंय."

"नाही," प्रमिला म्हणाली. "मी ह्यांच्यापाशी शपथ घेतली होती. फळ धरल्यावर त्या वेलींना मी पाण्याशिवाय काही दिलं नाही. आत्याबाई, मी नाही मारलं."

"रांजण नीट धुतले नसतील," रंगनाथ दारातून म्हणाला. "आई तेव्हाच म्हणत होती."

मी उठले. गुडघे दुखत होते, तरी हात टेकला नाही. घरात जाऊन देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आणि बेलाचं पान घेऊन आले. आमच्यात खरंखोटं करायचं असलं की बेलभंडारा उचलतात. ज्यानं उचलून खोटं सांगितलं त्याचं खंडोबा बघून घेतो. मी ती वाटी रांजणाच्या झाकणावर ठेवली.

"दोघांनी उचला," मी म्हटलं. "ती तरी खोटी किंवा तू तरी. या बाई जायच्या आधी मला कळलं पाहिजे."

प्रमिलानं पुढं होऊन भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाली, मी गंधक मारलं असेल तर मला यांचं तोंड पुढच्या जन्मीही दिसू नये. तिच्या कपाळावरून पिवळी पूड नाकावर सांडली.

रंगनाथ जागचा हलला नाही. त्याची नजर त्या वाटीत होती. आणि त्याच्याबरोबर मीही वाटीत बघितलं. पिवळी पूड. बारीक, कोरडी, हाताला लागली की न सुटणारी. मला विश्रामच्या वेली आठवल्या, पौषातल्या सकाळी, बांधावरून लांबून बघितलेल्या. एवढा भंडारा कुणी यात्रेहून आणतो का, हे माझ्या मनात तेव्हा आलं नव्हतं. भंडारा मूठभर असतो. त्या सकाळी सगळा उतार पिवळा होता.

"रंग्या," मी म्हटलं, "पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वेलींवर काय होतं?"

त्यानं दाराच्या चौकटीला पाठ टेकली आणि खाली बसला. चाळीशीकडं झुकलेला, मिशीवाला माणूस, पण तसा बसला की मला त्याचं लहानपण दिसायचं.

"भुरी आली होती, आई. वहिनी माहेरी होती. मी सहज बघायला गेलो आणि घडांवर पांढरं दिसलं. दोन दिवसांत सगळा प्लॉट गेला असता. दादा असता तर त्यानं काय केलं असतं ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, भुरी आली की गंधक. यात्रेहून आलो त्याच संध्याकाळी धुरळलं."

"तुला तर त्या काढायच्याच होत्या."

"काढायच्या होत्या. अशा मरू द्यायच्या नव्हत्या."

जो मला देवाचा माणूस वाटला होता तो देवाचा नव्हता, आणि जो नंतर वैरी वाटावा तो वैरीही नव्हता. भावाच्या वेली रोगानं जाताना त्याला बघवलं नाही, एवढंच. आमच्या शिवारात जन्मलेल्या माणसाला ते बघवतच नाही. मण्यावर डाग दिसला की हात आपोआप पंपाकडं जातो, लेकराला ताप आला की आईचा हात कपाळाकडं जातो तसा.

"मग सांगितलं का नाही, भाऊजी?" प्रमिलानं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"वास यायला लागला तोपर्यंत मलाही कळलं नव्हतं. मग कळलं. तोपर्यंत आई तुम्हाला बोलत होती. मग सांगायला तोंड राहिलं नाही, वहिनी."

श्रोत्रीबाई कधी उठल्या ते कळलं नाही. चपला घालून त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला सांगितलं, की त्यांच्या गिऱ्हाइकांना त्यांनीही शब्द दिलेला आहे, ही वाइन त्या घेऊ शकत नाहीत, पण पुढच्या वर्षी बोलावलं तर नक्की येतील. मी म्हटलं, पुढचं वर्ष कुणी पाहिलंय, बाई, सोमवारी मशीन येणार आहे. खडूची खूण असलेली ती अर्धी बाटली त्यांनी रांजणाजवळ ठेवली आणि गेल्या. गाडीचा धुरळा बांधापर्यंत गेला आणि बसला.

प्रमिलानं बादली घेतली. पहिल्या रांजणात बुडवली, भरली, आणि शेडबाहेर पाटात ओतली. पाट जांभळा झाला. ती परत आली, पुन्हा बुडवली. रंगनाथ उठून बादली घ्यायला गेला तर तिनं दिली नाही. त्यानं दुसरी बादली शोधली आणि तोही उपसायला लागला. दोघं एकमेकांकडं न बघता ये-जा करत होते, आणि माझ्या थोरल्याची पहिली वाइन, जी त्यानं पाहिलीसुद्धा नाही, ती त्याच्याच रानात मुरत होती. तो वास आता सगळ्या अंगणात पसरला होता. शेजारचे ओट्यावर येऊन बघत होते. त्यांना मी बघू दिलं.

चौथा रांजण रिकामा झाला तेव्हा प्रमिला काठावर बसली. पाय आत सोडून. तिच्या कपाळावर भंडारा तसाच होता आणि घामानं ओघळत होता. उद्या जीप यायची होती.

मला तेव्हा बोलायचं नव्हतं. शब्द दिलेला होता, माल गेला नव्हता, आणि माझ्या शब्दानं चालणारं घर माझ्याच शब्दानं मोडणार होतं. पण रंगनाथ रिकामी बादली हातात धरून समोर उभा होता, मी काय म्हणते याची वाट बघत, आणि तो नेहमीसारखा मान हलवेल हे मला दिसत होतं. मी त्याच्या हातातली बादली काढून घेतली.

"मशीनवाल्याला येऊ नको म्हणून सांग," मी त्याला म्हटलं. "शब्द मी दिला होता, मीच मोडला. भाऊबंदांनी विचारलं तर त्यांना माझ्याकडं पाठव, तू तोंड उघडू नको. गंधकाचं मी तुला काही म्हणत नाही. पण ही खाली उतरून राखेनं रांजण घासत होती, मी तिला नाही नाही ते बोलत होते, आणि तू दारात उभा राहून बघत होतास, त्याची भरपाई तुला करावी लागेल. पुढच्या पौषात भुरी येईल, ती येतेच. तेव्हा ही सांगेल तेवढंच करायचं, आणि ही काही नको म्हणाली तर हिच्या शेजारी हात मोकळे सोडून उभं राहायचं. पानं पांढरी होतील, मणी तडकतील, जीव तुटेल तुझा, तरी पंपाला हात लावायचा नाही. एवढं जमलं तर तू विश्रामचा भाऊ. नाही जमलं तर तू नुसता बागायतदार."